पाळी चुकण्याआधीचे पंधरा दिवस: गर्भधारणा होते कशी आणि शरीर ते कधी सांगतं

संबंध आल्यानंतर तिसऱ्याच दिवशी मळमळतंय, म्हणजे दिवस गेले असतील का? नवं लग्न झालेल्या मुली हा प्रश्न लाजत विचारतात, कॉलेजातल्या मुली घाबरून विचारतात आणि बाळाची वाट बघणाऱ्या बायका आशेने विचारतात. उत्तर सगळ्यांना एकच आहे. तिसऱ्या दिवशीची मळमळ गर्भामुळे असूच शकत नाही. अगदी गर्भधारणेची सुरुवात झाली असली, तरी त्या दिवशी तो गर्भ गर्भाशयात रुजलेला नसतो आणि आईच्या शरीराला त्याची खबरही नसते.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा असतो. पण बऱ्याच वर्गांत तो ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. त्यामुळे शिकलेल्या माणसांच्याही डोक्यात गर्भधारणा म्हणजे एका रात्रीत घडणारी गोष्ट असते. प्रत्यक्षात ती आठ-दहा दिवस चालते. आधी स्त्रीबीज बाहेर पडतं, मग शुक्राणूशी त्याचं मीलन होतं, मग गर्भाचा प्रवास आणि शेवटी गर्भाशयाच्या अस्तरात रुजणं. रुजल्यानंतर लक्षणं, आणि रुजल्यानंतरच टेस्ट. हा क्रम एकदा नीट कळला की विनाकारण धास्तीही कमी होते आणि खोटी आशाही.

सहा दिवसांचं गणित

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन बीजांडकोशांत मिळून दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात, आणि सगळ्या आयुष्यात पूर्ण पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात, पण साधारणपणे एकच पुढे जातं. ते ज्या पाण्याच्या पिशवीत वाढतं तिला फॉलिकल म्हणतात. ही पिशवी साधारण दोन सेंटिमीटरची झाली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन एकदम वाढतं आणि सुमारे दीड दिवसात फॉलिकल फुटतं. यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात. सोनोग्राफीच्या खोलीत ‘एग रप्चर झालं’ असं जे ऐकू येतं, ते हेच.

बाहेर पडलेलं स्त्रीबीज फक्त 12 ते 24 तास टिकतं. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात, योग्य काळ असेल तर, पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता असते ती साधारण सहाच दिवस: ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळ हवं असलेल्या 221 स्त्रियांच्या रोजच्या नोंदी आणि लघवीचे नमुने तपासून 1995 मध्ये हे दाखवून दिलं. ओव्ह्युलेशन होऊन गेल्यावर आलेल्या संबंधांतून त्यांना एकही गर्भधारणा सापडली नाही. ‘आता बीज फुटलं, आता प्रयत्न करू’ असं ठरवणाऱ्या जोडप्यांचा बहुतेक वेळा उशीर होतो, तो यामुळे.

आता तारखा मांडून बघू. समजा पाळी 1 मार्चला आली आणि तुमचं चक्र 28 दिवसांचं आहे. ओव्ह्युलेशन 14-15 मार्चच्या आसपास होईल, म्हणजे 9 ते 15 मार्च हे दिवस महत्त्वाचे. पुढची पाळी 29 मार्चला अपेक्षित. पण चक्र 35 दिवसांचं असेल तर? तेव्हाही पाळीचा मध्य म्हणून चौदावा दिवस धरला जातो आणि इथेच सगळं चुकतं. ओव्ह्युलेशनपासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये दोन आठवड्यांच्या जवळपास असतो, तो फार हलत नाही. लांबतो किंवा आखडतो तो आधीचा भाग. म्हणजे 35 दिवसांच्या चक्रात ओव्ह्युलेशन 21 मार्चच्या सुमाराला होतं आणि पाळी 5 एप्रिलला येते. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशांच्या हार्मोनमधला बिघाड असलेल्या मुलींमध्ये तर कधी ते दोन-दोन महिने होतच नाही. त्यामुळे मागून मोजायचं: पुढच्या पाळीच्या अपेक्षित तारखेतून चौदा दिवस वजा.

आणि हे गणित गर्भ राहू नये म्हणून वापरायचं असेल, तर मी स्पष्टच सांगते, वापरू नका. परीक्षा, प्रवास, ताप, जागरण, वजनातला फरक, कशानेही ओव्ह्युलेशन पुढे-मागे होतं. ‘सेफ पिरियड’ त्या महिन्यात सेफ होता की नाही, हे तो होऊन गेल्यावरच कळतं. बाळंतपणानंतर तर पाळी सुरू होण्याआधीच बीज फुटतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला मधे एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच स्तनपानाचा भरवसा धरता येतो. तिन्हींपैकी एक जरी निसटली तरी दुसरं साधन हवं.

करोडोंतून काही शे

एका वेळच्या वीर्यात साधारण चार कोटींपासून कितीतरी अधिक शुक्राणू असतात. त्यांतले बहुतेक योनीतच संपतात, कारण तिथलं वातावरण आम्लधर्मी असतं. गर्भाशयाच्या मुखाशी एक चिकट स्राव असतो. महिन्यातले बहुतेक दिवस तो घट्ट असतो आणि शुक्राणूंना आत येऊ देत नाही. ओव्ह्युलेशनच्या आधीचे दोन-चार दिवस मात्र तो पातळ, पारदर्शक, दोन बोटांत ताणला तर तुटत नाही असा, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा होतो. अंगावरून असं पांढरं जातंय म्हणून काही मुली घाबरून दवाखान्यात येतात. खाज नाही, दुर्गंधी नाही, रंग पिवळा-हिरवा नाही, तर तो आजार नव्हे. बाळ हवं असणाऱ्यांसाठी तर याहून चांगली, फुकटची खूण नाही.

पुढे गर्भाशय ओलांडून शुक्राणू बीजवाहिन्यांकडे, म्हणजे गर्भाशयापासून बीजांडकोशांपर्यंत जाणाऱ्या नळ्यांकडे जातात. त्या दोन असतात आणि बीज सहसा एकीतच असतं, म्हणजे दुसरीत गेलेले वाया. बीजाजवळ पोचतात ते फार तर काही शे. पोचले तरी लगेच कामाचे नसतात. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावरच त्यांच्यात बीजाचं कवच भेदण्याची क्षमता येते.

बीजवाहिनीच्या टोकाला बोटांसारखी झालर असते. फॉलिकल फुटलं की ही झालर बीजांडकोशावरून फिरते आणि बीज उचलून नळीत घेते. बीजाचा व्यास जवळपास 0.1 मिलिमीटर, शरीरातल्या सर्वात मोठ्या पेशींपैकी ही एक, नजर चांगली असेल तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढी दिसेल अशी. नळीच्या रुंद भागात शुक्राणू तिला गाठतात. एक आत शिरला की बीजाचं बाहेरचं कवच काही मिनिटांत बदलतं आणि बाकीच्यांना दार बंद होतं. आईची 23 आणि वडिलांची 23 गुणसूत्रं एकत्र येतात.

बाळ मुलगा की मुलगी, हे त्याच क्षणी ठरतं आणि ते शुक्राणूवर ठरतं. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. सम तिथीला संग केला तर मुलगा आणि विषमला मुलगी, असं अजूनही आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. शुक्राणू पाच दिवस वाट बघत थांबू शकतात. संबंधांचा दिवस आणि मीलनाचा दिवस एकच असेल याचीच खात्री नाही, मग तिथीचं काय घेऊन बसलात? मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, देशभरासाठीचा 1994 मध्ये आला. तरीही सुनेला बोल लावणं थांबलेलं नाही.

नळीतला आठवडा

मीलन झालेली पेशी दुसऱ्या दिवशी दुभंगते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी. हे सगळं बीजवाहिनीतच, गर्भाशयाकडे सरकता सरकता चालू असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा पेशींचा पुंजका गर्भाशयात उतरतो, पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या आत पोकळी तयार होते, बाहेरचं कवच फुटतं आणि मग तो अस्तराला चिकटून आत रुजायला लागतो. रुजण्याचा काळ ओव्ह्युलेशननंतर 6 ते 12 दिवस, आणि बहुतेक वेळा आठवा, नववा किंवा दहावा दिवस. आपल्या उदाहरणात 22 ते 25 मार्च.

यातली एकही पायरी हमखास नसते. टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्राने हे फार स्पष्ट दाखवलं. जगातलं पहिलं असं बाळ 25 जुलै 1978 ला इंग्लंडमध्ये जन्मलं. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मलं, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1986 च्या ऑगस्टमध्ये यश आलं. या उपचारात मीलन डोळ्यांसमोर, प्रयोगशाळेत होतं, निरोगी दिसणारा गर्भ निवडून गर्भाशयात सोडला जातो, आणि तरीही अनेकदा तो रुजत नाही. निसर्गातही असंच होतं. तरुण, निरोगी जोडप्याला दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता पाचात एक किंवा फार तर चारात एक. वर्षभरात मात्र दहापैकी आठाहून अधिक जोडप्यांकडे बातमी येते. म्हणून दोन महिन्यांत काही झालं नाही तर कुणात दोष शोधू नका. वर्षभर थांबा, बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिने. मग दोघांनी तपासणी करा. दोघांनी. वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त असते, आणि बऱ्याच घरांत ती सर्वात शेवटी होते.

लक्षणं कुठून येतात

रुजताना गर्भाच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन तयार करायला लागतात. बीज जिथून फुटलं तिथे बीजांडकोशात एक पिवळसर पिंड उरलेला असतो आणि तो प्रोजेस्टेरॉन हे अस्तर टिकवणारं हार्मोन बनवत असतो. दिवस राहिले नाहीत तर हा पिंड दोन आठवड्यांत आटतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तर गळतं, पाळी येते. एचसीजी त्याला आटू देत नाही. पाळी न येण्याचं कारण एवढंच.

आता खरी गोम. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन तसंही वाढलेलंच असतं, गर्भ असो वा नसो. छाती जड होणं, हात लागला तरी दुखणं, पोट फुगणं, शौचाला घट्ट होणं, दुपारी डोळ्यांवर झापड येणं, चिडचिड, हे सगळं त्याचंच काम. म्हणून पाळी चुकण्याआधी या लक्षणांवरून काहीही सांगता येत नाही. पाळी येणार असेल तरी हीच लक्षणं असतात, आणि येणार नसेल तरी हीच. रोज आरशासमोर उभं राहून छाती दाबून बघणाऱ्या बायकांची तगमग मला समजते, पण त्यातून उत्तर मिळत नाही.

काही जणींना रुजण्याच्या सुमाराला एक-दोन दिवस गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. त्याला पाळी समजून तारीख चुकीची धरली जाते आणि पुढे सोनोग्राफीत महिना जुळत नाही. डाग पाळीसारखा वाढत नाही, गाठी पडत नाहीत, हा त्यातला फरक. पण बहुतेक बायकांना असा डाग दिसतच नाही, म्हणून तो दिसला नाही याचाही काही अर्थ नाही.

मळमळ येते ती यानंतर. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमाराला सर्वात जास्त असते आणि बहुतेकींची चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरते. सकाळीच होते असंही नाही. फोडणीचा वास, भात शिजतानाची वाफ, नवऱ्याचा नेहमीचा साबण, काहीही नकोसं होतं. 2023 च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून यामागचं एक मोठं कारण पुढे आलं: गर्भ आणि वारेकडून येणारं जीडीएफ15 नावाचं हार्मोन. ज्या बाईच्या शरीराला त्याची आधीपासून सवय कमी, तिला त्रास जास्त. म्हणजे ‘आम्ही नाही का शेतात राबत होतो, हिचीच नाटकं’ या बोलण्याला काही आधार नाही. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल तर ते डोहाळे म्हणून सोसायचं नाही. सलाईन आणि औषधं लागतात, आणि सुरक्षित औषधं आहेत.

वारंवार लघवीला जावं लागणं, स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होणं, हेही पुढच्या काही आठवड्यांत दिसतं. आणि मळमळ अजिबात झाली नाही तर? तरीही सगळं उत्तम असू शकतं. अशा कितीतरी बायका आहेत.

दोन रेघा

घरची टेस्ट लघवीतलं एचसीजी शोधते. रुजल्यानंतर ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं, म्हणून आज नसलेली रेघ तीन दिवसांनी दिसू शकते. पाळीच्या अपेक्षित तारखेला किंवा त्यानंतर टेस्ट करावी. 35 दिवसांचं चक्र असलेल्या बाईने 29 मार्चला टेस्ट केली तर ती ओव्ह्युलेशननंतर जेमतेम आठवा दिवस असेल आणि दिवस राहिलेले असूनही निगेटिव्ह येईल.

सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या डबीत घ्या. पाकिटातल्या ड्रॉपरने तीन थेंब छोट्या खळग्यात टाका आणि किट सपाट जागेवर ठेवा. किटवरच्या सी अक्षरापाशी रेघ आलीच पाहिजे. नाही आली तर किट खराब. टी पाशी दुसरी रेघ आली, कितीही फिकट असली, तर टेस्ट पॉझिटिव्ह. पाच मिनिटांत वाचा. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिलेली पुसट रेघ धरू नका, लघवी सुकल्यावर तशी रेघ उमटते. निगेटिव्ह आली आणि पाळीही नाही, तर तीन-चार दिवसांनी पुन्हा करा. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर काही दिवस तेच टेस्टमध्ये दिसतं, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधी करू नका. साखर, मीठ, टूथपेस्ट घालून फेस बघण्याच्या युक्त्या मोबाइलवर फिरतात. त्यातली एकही एचसीजी ओळखत नाही. गावात आशाताईंकडे निश्चय किट मोफत मिळतं, ते मागा.

पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टर म्हणतात ‘चार आठवडे झाले’ आणि मग घरात कुजबुज सुरू होते, कारण नवरा तर पंधरा दिवसांपूर्वीच गावी आला होता! गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख बाईला ठाऊक असते. मीलन त्यानंतर दोन आठवड्यांनी झालेलं असतं. चार आठवड्यांची गर्भवती म्हणजे दोन आठवड्यांचा गर्भ. या हिशेबावरून संशय घेणं हा अन्याय आहे, तो होऊ देऊ नका. प्रसूतीची ढोबळ तारीखही तिथूनच: पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवायचे, 1 मार्चचे 8 डिसेंबर.

बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया असलेली नळी मीलनानंतर चार आठवड्यांत बंद होते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणून बाळ हवं असं ठरलं, की आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करायचं. दारू, तंबाखू आणि मशेरी बंद. मशेरी ही तंबाखूच आहे, दात घासायला लावली म्हणून ती वेगळी होत नाही. फिट्स, थायरॉइड, बीपी यांच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना विचारा. नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

गर्भ नको असेल, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. आपल्या कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने सुरक्षित गर्भपात करता येतो, लग्न झालेलं असो वा नसो, आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. गोळ्यांआधी तपासणी हवी याचं कारण असं, की शंभरात एक-दोघींचा गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीतच रुजतो. टेस्ट तेव्हाही पॉझिटिव्हच येते. गोळ्यांनी तो पडत नाही, वाढत जातो आणि नळी फुटते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणं, थोडा रक्तस्राव, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर, घाम, यातलं काहीही टेस्ट पॉझिटिव्ह असताना किंवा पाळी चुकलेली असताना झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच मोठ्या दवाखान्यात जायचं.

नुसता हलका डाग दिसला तर मात्र सगळं संपलं असं समजू नका. पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच जणींत एकीला थोडं रक्त जातं आणि त्यातल्या अनेकींची बाळंतपणं सुखरूप होतात. डॉक्टरांना दाखवा. पहिली सोनोग्राफी सहा-सात आठवड्यांच्या आधी करायची घाई नको: पाचव्या आठवड्यात फक्त पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत, आणि तारीख थोडी चुकली असेल तर तीही दिसत नाही. दुखत नसेल, रक्त जात नसेल तर डॉक्टर आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतात. ठोके बहुधा तेव्हा दिसतात.